काजळी कशावर थांबते

दमयंतीबाई सेलूकरांना फाटकाचं वेड आहे, हे ज्योतीनगरातल्या भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आता वेड माणसाला कशाचंही असतं. कुणाला साड्यांचं असतं, कुणाला क्रिकेटचं. पण रेल्वेच्या फाटकाचं? बरं, रेल्वेचंही नाही हं! गाडी आली काय आणि गेली काय, बाईंना तिचं सोयरसुतक नाही. फाटक पडताना जी घंटा वाजते, तेवढी ऐकायला ही बाई स्कूटी काढून पार करमाडपर्यंत जाणार, खांबाशी मोबाईल धरून उभी राहणार, आणि मागं अडकलेल्या लोकांनी हॉर्न वाजवला की वळून तोंडावर बोट ठेवणार. "शूऽऽ! रेकॉर्डिंग चालू आहे." आणि ट्रकवालेसुद्धा गप बसायचे. खोटं वाटत असेल तर विचारा कुणालाही.

वेडाचं मूळ होतं नोकरीत. बाईंची सगळी उमेद टेलिफोन खात्यात गेली. सुरुवातीला पैठणच्या लहानशा एक्सचेंजमध्ये बोर्डावर होत्या, मग शहरात आल्या. कोणती लाईन कुठून खरखरते, पलीकडचा माणूस घरातून बोलतोय की किराणा दुकानातून, हे त्या डोळे मिटून सांगायच्या. रिटायर झाल्या आणि कान रिकामे पडले. अशात एकदा चिकलठाण्याच्या पुढं, बाभळीच्या फाटकावर त्यांची मोटार अडकली. घंटा वाजली आणि बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अहो, ऐकताय का? काय सूर लागलाय हिचा!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मला एवढंच ऐकायचंय की फाटक उघडणार कधी," मधुसूदनराव म्हणाले.

पण बाई हरवल्या त्या हरवल्याच. बहिणीचा मुलगा हिमांशू वाळूजला एका कंपनीत इंजिनीयर. त्याला लहानपणापासून सिग्नलचे हात आणि दिवे बघायचा नाद. मावशी आपल्याच वाटेला लागली म्हटल्यावर त्यानं तिला 'फाटकप्रेमी' नावाच्या ग्रुपमध्ये घेतलं. राज्यभरातली मंडळी तिथं. दर रविवारी कुणीतरी एक आवाज टाकायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं, फाटक कोणतं. दमयंतीबाई एकदाही हरल्या नव्हत्या. त्याचा तोराही होता त्यांना, आणि का नसावा?

हिमांशूनं त्यांना आणखी एक विद्या शिकवली. रेकॉर्डिंग साफ करायची. वारा, कुत्रं, फटफटी, चहावाल्याचा खोकला, सगळं कॉम्प्युटरवर वेचून काढायचं आणि निव्वळ घंटा ठेवायची. बाईंना हे काम इतकं आवडलं की त्या तांदूळ निवडायला बसल्यासारख्या रोज दुपारी आवाज निवडायला बसायच्या. घंटेच्या पुढचं-मागचं सगळं छाटून टाकायच्या. आणि निवडून झालं की मूळ रेकॉर्डिंग पुसून मोकळ्या. "कचरा कशाला साठवायचा?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या सगळ्या संग्रहात बाभळीच्या फाटकाची घंटा पहिल्या नंबरावर. हातानं चाक फिरवून दांडे खाली सोडायचं जुन्या पद्धतीचं फाटक होतं ते. दिवाळीच्या सुमाराला ते गेलं आणि बटणावर चालणारं नवीन आलं. घंटेच्या जागी भोंगा. ग्रुपवर लोकांनी हळहळ केली, दमयंतीबाईंनी केली नाही. "माझ्याकडे आहे ती. सगळ्या जगात फक्त माझ्याकडे," असं त्यांनी लिहून टाकलं.

पौषातल्या एका सकाळी बाई त्या भोंग्याचं रेकॉर्डिंग करायला बाभळीच्या फाटकावर गेल्या. आवडीनं नव्हे, नाक मुरडूनच. पण संग्रह म्हटला की सगळंच ठेवावं लागतं. फाटकवाला भारत त्यांना ओळखत होता. खोलीतून हात करून म्हणाला, "या मॅडम, पॅसेंजर यायलीच आहे."

मोबाईल पुढं धरून त्या उभ्या राहिल्या, तेवढ्यात रुळाकडंच्या पायवाटेनं मेंढरं आली. शंभरावर असतील. पुढं डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली एक थोराड मेंढी, तिच्याबरोबर काठी घेऊन एक बाई, आणि लांब मागं एक पाय ओढत चालणारा तिचा नवरा. भारतनं बटण दाबलं. भोंगा जो काही बोंबलला, की मेंढरं बिथरली आणि मागं न पळता सरळ पुढं उधळली. दांडा खाली आला होता, पण त्याचा काय उपयोग? दांडा माणसाला अडवतो, गाडीला अडवतो. मेंढरू त्याच्या खालून निघून जातं.

बघता बघता रुळांवर नुसती लोकर झाली. भारत लाल झेंडा घेऊन पळाला, सिग्नल त्यानं लालच ठेवला. गाडी लांब उभी राहून शिट्ट्या मारायला लागली. ती बाई एकेका मेंढराला कानाला धरून ओढत होती, नवरा मागून लंगडत ओरडत होता. दमयंतीबाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि त्याही रुळात शिरल्या. दोन कोकरं दोन काखांत मारली. त्यातलं एक त्यांच्या नव्या ड्रेसवर मुतलंसुद्धा, पण सोडतील तर त्या दमयंतीबाई कसल्या!

मेंढरं पार झाली, गाडी गेली. भारतच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता.

"बानामावशे, वरून फोन आला मला," तो म्हणाला. "साहेब लई तापलेत. पुन्हा गाडी थांबली तर केस करणार म्हणाले. तुमी दुसरीकडून जात जा बरं."

"दुसरीकडून कुठून रं? जालना रोडनं?" बानाबाई उसळली. "तिथं ट्रक काय माझ्या मेंढराला थांबत्यात व्हय? मेंढरांचा वाडा आमचा ह्या बाजूला, रानं त्या बाजूला. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवायला बलवत्यात ती समदी पलीकडंच."

नवरा, कारभारी त्याचं नाव, दगडावर बसून गुडघा चोळत होता. तो हळूच म्हणाला, "मिटलं आता. ऐतवारी पाचोडच्या बाजारात घालतो समदी. रुळावर चिखल झालेला बघण्यापरीस इकलेली बरी."

बानाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती त्या काळ्या डोळ्यांच्या मेंढीच्या मानेत बोटं खुपसून उभी राहिली. तिच्या हनुवटीला कापरं भरलेलं दमयंतीबाईंना स्पष्ट दिसलं.

"ही पिल्लू होती तवा हिची माय मेली," बानाबाई कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली. "बोटानं दूध पाजलं हिला. काजळी नाव ठिवलं. ही थांबली की समदा कळप थांबतो. पहिली घंटा होती तवा कसली वाघीण होती म्हणता! घंटा झाली की खिळा मारल्यावानी हुबी. मला काठी उचलाय लागायची नाय. ह्यो मेला भोंगा आला आन हिचं डोकंच फिरलं." मग तिनं एकदम मान वर केली. "तुमी त्याच ना? घंटा भरून न्यायच्या मोबाईलात?"

"हो. मीच."

"मंग ती आमाला वापस द्या."

असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. ग्रुपवरची मंडळी वाहवा करायची, शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. पण घंटा कुणाला हवी आहे, खरोखरीची गरज म्हणून हवी आहे, हे बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

"देते," त्या म्हणाल्या. "उद्याच देते. तुमची काजळी थांबली नाही ना, तर दमयंती नाव लावणार नाही मी!"

बघा, किती हा भरवसा!

दुसऱ्या दिवशी रुळापासून लांब, पडीक रानात सगळा जामानिमा झाला. हिमांशूनं सुट्टी टाकून मोठा स्पीकर आणला होता. मधुसूदनराव थर्मास घेऊन आले होते, कारण बायको गावभर नाव बदलायच्या शपथा घेत फिरतेय म्हटल्यावर सोबतीला कुणीतरी पाहिजे. बानाबाईनं कळप सोडला. काजळी पुढं निघाली आणि बाईंनी बटण दाबलं.

टण्ण, टण्ण, टण्ण. काय ती घंटा! स्वच्छ, गोल, एक कण इकडचा तिकडं नाही. मधुसूदनरावसुद्धा मान डोलवायला लागले.

काजळीनं कानही हलवला नाही. चालत राहिली.

"आवाज वाढव," बाई म्हणाल्या. हिमांशूनं वाढवला. बाभळीवरचे पक्षी उडाले. काजळी वळली, सावकाश स्पीकरपाशी आली, त्याचा वास घेतला, त्याला चाटून बघितलं आणि पुढं गेली. तिच्यामागून सगळा कळप गेला. पुन्हा वळवून आणला, पुन्हा वाजवलं. हिमांशू काय काय बटणं पिळत होता, खर्ज वाढवत होता, कमी करत होता. काजळीला त्याचं काही नव्हतं.

"घंटा तर तीच हाय," बानाबाई गोंधळून म्हणाली. "माझ्या कानाला तीच लागायली. मंग ही थांबंना का?"

"अगं, मेंढराला मोबाईल कळतो व्हय?" कारभारी म्हणाला. तो हसला, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. "जाऊ द्या बाईसाहेब. तुमी आलात येवढं लई झालं. ऐतवार काय लांब नाय."

दमयंतीबाई घरी आल्या. संध्याकाळी भांडी अशी आपटली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मग कॉम्प्युटर उघडून ती घंटा लावली, बंद केली, परत लावली. त्यांना लाज वाटत होती, रागही येत होता, आणि डोळ्यांपुढून बानाबाईची कापणारी हनुवटी हलत नव्हती. शेवटी उठून त्यांनी गॅसवर वरणभाताचा कुकर चढवला आणि पुन्हा येऊन बसल्या.

"अगं, एका मेंढीचं काय मनावर घेतेस एवढं?" मधुसूदनराव म्हणाले.

"मेंढीचं नाही हो. त्या बाईचा सगळा संसार चाललाय बाजारात, आणि मी तिला छातीठोकपणे शब्द देऊन बसले. माझा कान कधी चुकत नाही. मग आज चुकलं कुठं?"

एवढं बोलून त्या उठल्या, आत गेल्या आणि गॅस बारीक करून आल्या. त्यानंतर कुकरची शिट्टी झाली.

"हे मात्र मला आजवर कळलेलं नाही," मधुसूदनराव म्हणाले. "शिट्टी व्हायच्या आधीच कशी काय उठतेस गं तू?"

"त्यात काय कळायचंय? शिट्टीच्या आधी फुस्स होतं ना. आपोआप उठते मी..."

बाई वाक्य अर्धवट सोडून तशाच उभ्या राहिल्या. हातात सांडशी.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "बोर्डावर होते तेव्हा कॉल आला की आधी नंबरावरची झडप पडायची. खट्‌. मग बझर वाजायचा. बझर साहेबांसाठी हो! आम्ही पोरी खट्‌ झालं की हात टाकायचो. बझरची वाट कोण बघतंय?"

"मग?"

"मग घंटेच्या आधी काय होतं?"

धावत जाऊन त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. पहिलाच आवाज घंटेचा. त्याच्या आधी काही नाही, कारण बाईंनीच आपल्या हातानं ते छाटून टाकलं होतं. काय बरं होतं तिथं? बाईंनी डोळे मिटले. भारत खोलीतून बाहेर यायचा, चाकाची कडी काढायचा, आणि मग... खट्‌, खट्‌, खट्‌. हो! चाक फिरताना व्हायचा तो आवाज. घंटा लागायच्या आधी तो व्हायचाच. त्यांनी त्याला कचरा म्हणून केराची टोपली दाखवली होती.

त्यांनी हिमांशूला फोन लावला. "बाभळीचं मूळ रेकॉर्डिंग आहे का रे तुझ्याकडे?"

"मावशी, तूच तर पुसायला लावलंस. ग्रुपवर सगळ्यांना लावलंस! मूळ जपून ठेवणारा तो खरा आळशी, असं लिहिलं होतंस तू."

बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. पण रडत बसणारा पिंडच नव्हता त्यांचा. "बरं. उद्या सकाळी बाभळीला ये. आणि येताना तेलाची बाटली आण, मशीनचं तेल," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि वरणभात पोटभर जेवल्या.

जुनं चाक भारतच्या खोलीमागं, उपटून टाकलेल्या लोखंडाच्या ढिगावर पडलं होतं. भंगारात न्यायला अजून कुणी आलं नव्हतं, बाईंचं नशीब! एक मोठं दातेरी चाक, त्याला हँडल, आणि दात्यांवर एकेक करून पडणारी लोखंडी जीभ. चाक उलटं सुटू नये म्हणून ती असायची. सगळं गंजून धरलं होतं.

"काय करता मॅडम ह्याचं?" भारतनं विचारलं. "मोकळंच आहे ते, तार नाही, घंटा नाही."

"घंटा नकोच आहे मला. तू पूर्वी कसं फिरवायचास, तसं फिरव फक्त."

"पहिले दोन-चार वेढे तर असेच जायचे. तार ताणून घ्यायला. मग दांडा हलायचा आन घंटा लागायची."

"तेच वेढे पाहिजेत मला."

हिमांशूनं तेल सोडलं. भारतनं आणि त्यानं मिळून हँडलला जोर लावला. किर्र करून चाक सुटलं. लांब रानात बानाबाईचा कळप चरत चरत पुढं सरकत होता, तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

खट्‌... खट्‌. खट्‌. खट्‌.

तिकडं काजळीनं मान वर केली. पाय जिथल्या तिथं. तिच्या मागची मेंढरं तिच्यावर आदळली आणि थांबली, त्यांच्या मागची थांबली, आणि शेवटच्या कोकरापर्यंत सगळा कळप रानात उभा. बानाबाई चार पावलं पुढं निघून गेली होती. ती वळली, कळपाकडं पाहिलं, फाटकाकडं पाहिलं आणि काठी टाकून तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"थांबली! अरे थांबली! हिमांशू, बघ ना, थांबली!" दमयंतीबाई ओरडत सुटल्या. आणि मग खुशाल रडल्या. भारतसमोर, हिमांशूसमोर, सगळ्यांसमोर. सांगायला लाज कसली?

डोळे पुसून त्यांनी मोबाईल काढला आणि चाकाचा आवाज भरून घेतला. हिमांशू सवयीनं म्हणाला, "मावशी, मागं टेम्पोचा आवाज येतोय, तो काढून टाकू ना?"

"हात लावून तर बघ!" बाई गरजल्या.

आता काम सोपं होतं. स्पीकर बानाबाईला द्यायचा आणि मोकळं व्हायचं. पण बानाबाईनं तो हातात घेऊन वर-खाली पाहिला आणि परत दिला.

"ह्याला चार्जिंग कुठून करू ताई? वाड्यावर लाईट नाय, आज इथं तर उद्या तिथं. आन मी हे धरू, का काठी धरू, का कोकरू धरू?" मग तिनं थोडा विचार केला, तोंड बंद केलं आणि टाळ्याला जीभ लावून सोडली. "टॉक्‌, टॉक्‌, टॉक्‌. आसंच व्हतं की नाय?"

काजळीनं चरता चरता नुसता एक कान इकडं केला.

"जवळ आलात," दमयंतीबाई तिच्याशेजारी बांधावर बसल्या. "पण घाई होतेय तुमची. चाक जड असतं ना, पहिला खटका उशिरा पडतो. मग जरा दम, मग पुढचे सारखे. आणि जीभ पुढून नको, मागून काढा. लोखंड आहे ते." त्यांनी मांडीवर ताल धरला. "हं, म्हणा."

"टॉक्‌... टॉक्‌, टॉक्‌."

"अजून जड."

काय सांगावं, तो अख्खा दिवस आणि पुढचा अख्खा दिवस दोघी बांधावर बसून जिभा वाजवत होत्या. एक शिकवतेय, एक शिकतेय, मधूनच दोघींना हसू फुटतंय. बानाबाई देवगाव रंगारीच्या आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायची, दमयंतीबाई टेलिफोन खात्याच्या. कारभारी लांबून बघत होता. पहिल्या दिवशी त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा बानाबाईनं रानाच्या मध्यावर उभी राहून जीभ वाजवली आणि काजळी चालता चालता खिळल्यासारखी उभी राहिली. कारभारीनं बानाबाईला पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

तरी रान वेगळं आणि रूळ वेगळे. रुळावर तो भोंगा होता. खटक्यावर थांबलेली काजळी भोंगा झाल्यावर उभी राहील का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शनिवारी सकाळी बघायचं ठरलं. नाही जमलं तर रविवारी बाजार, कारभारीनं टेम्पो सांगूनही ठेवला होता.

"स्टेशनातून फोन आला की मी बटण दाबायच्या आधी दारात येऊन हात वर करतो," भारत म्हणाला. "येवढं माझ्याकडं लागलं. पुढचं मावशीकडं."

शनिवारी पायवाटेनं कळप आला. पुढं काजळी, तिच्याबरोबर बानाबाई, मागं कारभारी. फाटकापाशी दमयंतीबाई मोबाईल धरून उभ्या होत्या. मधुसूदनराव थर्मास कवटाळून उभे. खोलीत फोन वाजला. भारत दारात आला, हात वर केला.

बानाबाईनं जीभ सोडली. टॉक्‌... टॉक्‌, टॉक्‌, टॉक्‌.

काजळी थांबली. कळप थांबला.

आणि भोंगा बोंबलला. कळपातून एक लाट आली, मागची दोन-तीन वांड मेंढरं उसळली, एक कोकरू बेंबटलं. काजळीचे कान ताठ झाले, पुढचा पाय उचलला गेला. बानाबाई वाजवत राहिली. घाई नाही, जड, सारख्या अंतरानं, थेट त्या चाकासारखी. काजळीनं पाय खाली टेकवला, उचलला होता तिथंच. दांडा आला, सिग्नल हिरवा झाला, धाडधाड करत गाडी समोरून निघून गेली. एका खिडकीतल्या पोरानं मेंढरांना टाटा केला. बानाबाईनं जीभ थांबवली तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या.

भारतनं फाटक उघडलं. "हुर्रर, चल काजळे," बानाबाई म्हणाली, आणि मेंढरं शहाण्यासारखी रूळ ओलांडून पलीकडच्या रानात गेली.

कारभारी सगळ्यात शेवटी आला. फाटकाच्या मधोमध थांबला, टोपी काढली, परत घातली. "मंग उद्याच्या बाजाराचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"जावा की," बानाबाई मागं न बघता म्हणाली. "वाड्यावरलं मीठ सपलंय. मीठ घिऊन या."

दमयंतीबाईंना इतकं हसू आलं की मधुसूदनरावांना त्यांच्या हातातला मोबाईल धरावा लागला.

रविवारी 'फाटकप्रेमी'वर ओळखायचा आवाज दमयंतीबाईंनी टाकला. खाली नुसतं लिहिलं, "फाटक कोणतं?" आधी लांब फोनची घंटी, मग वारा, कुणाचं तरी खोकणं, मग खटके, मग भोंगा, कोकराचं बेंबटणं, आणि शेवटी गाडी. ग्रुपवर धमाल उडाली. कुणी म्हणालं परभणीकडचं, कुणी परळीकडचं. एका जाणत्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं की खटक्यांवरून चाक फार जुनं दिसतंय, निजामाच्या काळातलं असणार. एकानं तक्रारही केली, "मॅडम, तुम्ही इतकी घाण ठेवलीत? साफ करून टाका ना."

सगळे हरले म्हटल्यावर बाईंनी उत्तर लिहिलं, "बानाबाईचं फाटक. चालू स्थितीत."

"हे कधी ऐकलं नाही," लगेच विचारणा आली. "कोणत्या दोन स्टेशनांच्या मधे येतं?"

"स्टेशनांच्या नाही," बाईंनी टाईप केलं. "मेंढरांच्या आणि रुळांच्या मधे."

मोबाईल पालथा घातला आणि त्या गॅस बारीक करायला उठल्या. कुकरची शिट्टी अजून व्हायची होती.